भिंत नसलेलं दार

आमच्या दमियातमध्ये, म्हणजे इजिप्तमधल्या या सुतारांच्या गावात, कुणालाही काहीही विचारा, उत्तर मिळतंच. स्टेशनचा रस्ता विचारलात तर सुतार हातातला रंधा ठेवून, दुकानाबाहेर येऊन, हातवारे करून सांगेल. त्याला तो ठाऊक नसला तरी! पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, मग रिकाम्या कानाने कसं पाठवणार?

या सगळ्यांवर कडी म्हणजे आमच्या मिस इन्शिराह. लग्नाचा पलंग घ्यायला कैरोहून आलेल्या एका जोडप्याला त्यांनी इतक्या ठामपणे दुकान सांगितलं, की ते दोघं थेट मासळीबाजारात पोचले. आणि आम्हाला संशोधन शिकवलं ते याच बाईंनी.

मिस इन्शिराह मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होत्या. अंगाने भरदार, गळ्यात कपाटांच्या किल्ल्या, टेबलाच्या खणात सूर्यफुलाच्या बिया. बी फोडल्याचा आवाज आला की समजायचं, मिस विचार करताहेत.

त्या काळी 'संशोधन' कोपऱ्यावरच्या अम्म शलबींच्या, म्हणजे शलबीकाकांच्या, स्टेशनरीत मिळायचं. विषय सांगायचा. चष्म्यावरून बघत अम्म शलबी विचारायचे, "जाड देऊ की पातळ? चमकी वर हवी की कडेने?" मग आम्ही त्यावर आपलं नाव घालायचो, झालं संशोधन!

एके दिवशी माझ्या बाकावरच्या नगलाने नाईलवरचं संशोधन मिसपुढे आणून ठेवलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो मिस. रात्रभर जागून."

"मग शेवटी 'आम्ही मुलांच्या शाळेतले विद्यार्थी' असं का गं? मिशी सकाळी काढलीस वाटतं?"

वर्गात हशा पिकला. मिसनी एक बी फोडली, दुसरी फोडली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आता असं काहीतरी शोधायचं, जे शलबीकडे विकत मिळत नाही. ते दार कुणाचं?"

आमच्या आवारात मधोमध एक नक्षीचं लाकडी दार उभं होतं. चौकट होती, कडी होती, भिंत मात्र नव्हती. आम्ही रोज त्यातून पळायचो. ते तिथे का आहे, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मिसनी नियम एकच घातला. जो उत्तर देईल त्याला विचारायचं, 'तुम्हाला कुणी सांगितलं?' मग त्या सांगणाऱ्याकडे जायचं. "आणि 'सगळे म्हणतात' असं सांगितलं, तर उठून यायचं. 'सगळे' हे कुणाचं नाव नाही."

आम्ही सुटलो. न्हावी म्हणाला, इथे एका पाशाच्या बेगमेचा वाडा होता, तो पडला आणि दार तेवढं उरलं. मिठाईवाला म्हणाला, सुताराने माप चुकवलं, गिऱ्हाईक पळालं. माझी आजी म्हणाली, नवरीने हे दार बघून लग्न मोडलं. शपथा सगळ्यांनी घेतल्या, पण सांगणारा शोधत गेलो की न्हावी मिठाईवाल्याकडे बोट दाखवायचा आणि मिठाईवाला न्हाव्याकडे. मिसनी शाळेचं जुनं स्मरणपुस्तक काढून दिलं. त्यातला फोटो पाशांचा काळ संपल्यानंतरचा: शाळा उभी, आणि आवारात दार नाहीच! बेगम बाद झाली. नगला तर रडकुंडीलाच आली, तिला बेगम फार आवडली होती.

इकडे मुख्याध्यापिका मादाम कौसर यांना ग्रंथालयाचा तास बंद करून तिथे गणित घालायचं होतं. सोमवारी जिल्ह्याचे निरीक्षक उस्ताद बसयूनी येणार होते. त्यांना काम पटलं नाही तर तास बंद, आणि मिसची बदली पाठ्यपुस्तकांच्या गोदामात.

"इन्शिराह, उत्तर तयार आहे ना?" मादामनी दहादा विचारलं. आपल्याकडून खबरदारी म्हणून त्यांनी अम्म शलबींकडून 'आमचे दार: एक अभ्यास' बनवूनही आणलं होतं. जाड. चमकी वर आणि कडेनेही.

सोमवारी उस्ताद बसयूनी आले. चहात साखर ढवळता ढवळता त्यांनी कुणी काय सांगितलं याच्या आमच्या नोंदी ऐकल्या आणि ते हसले. "एवढी धावपळ कशाला, मुलींनो? ते दार फ्रेंच वकिलाच्या बंगल्याचं. शेंबडं पोर सांगेल."

नगला उभी राहिली. "उस्ताद, तुम्हाला कुणी सांगितलं?"

मादाम कौसरांनी चमकीवालं संशोधन छातीशी धरलं.

"कुणी म्हणजे? सगळेच म्हणतात!"

आम्ही खाली माना घातल्या. हसू दाबायला दुसरा उपाय नव्हता.

उस्ताद लालेलाल झाले. ते मिसकडे वळले. "मग तुम्हीच सांगा बाई. दार कुणाचं?"

मादाम मागून भुवयांनी खुणावत होत्या: बेगम सांग, फ्रेंच सांग, काहीही सांग! मिसचा हात बियांच्या खणाकडे गेला आणि परत आला. आजवर त्या बाईंनी एकाही माणसाला उत्तरावाचून पाठवलं नव्हतं.

"माहीत नाही," मिस म्हणाल्या.

आमच्या गावात हे शब्द असे चारचौघांत ऐकायची सवय नव्हती. शिपाई दारात थबकला. मादाम खुर्चीत बसल्या.

"पण बेगम नव्हे, हे कळलंय," मिस पुढे म्हणाल्या. "ते कसं कळलं, हे या मुली सांगतील. तुमच्या फ्रेंच वकिलाचंही शोधू."

"शोधायचंय काय त्यात? माझी आत्या याच गल्लीत वाढलीय." उस्तादांनी मोबाइल काढला, आवाज मोठा केला आणि आत्याला फोन लावला.

"फ्रेंच?" आत्या कडाडल्या. "तुझं डोकं फ्रेंच! अरे, ते हम्मामचं, गावच्या जुन्या न्हाणीघराचं दार. हम्माम पाडलं तेव्हा शाळेत आणून उभं केलं."

"आत्या, तुला कुणी सांगितलं?"

तोंडून निघून गेलं तेव्हा उस्ताद स्वतःच दचकले.

"कुणी म्हणजे? सगळे म्हणतात!"

"'सगळे' हे कुणाचं नाव नाही!" अख्खा वर्ग ओरडला.

आत्यांचा आवाज आणखी चढला. "बसयूनी, कोण रे या भवान्या?"

उस्तादांनी फोन ठेवला. चहा निवला होता. त्यांनी जुनं स्मरणपुस्तक स्वतःकडे ओढलं, चष्मा लावला. "त्या हम्मामचा फोटो असेल का हो कुठे?"

तास संपल्याची घंटा झाली, तरी ते पानं उलटतच होते. मादाम कौसरांनी चमकीवालं संशोधन पुढे केलं, तर त्यांनी ते न उघडताच त्यावर चहाचा पेला ठेवला.

"हा ग्रंथालयाचा तास चालू राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी मी आत्याला घेऊन येतो. तुमच्या मुलींनी काय ते तिला विचारावं. माझी हिंमत नाही."

मिस इन्शिराहनी खण उघडला आणि सगळ्यांना मूठ मूठ बिया वाटल्या.