नामंजूर व्हावा म्हणून केलेला अर्ज

अर्जदार: एक बाई, नाव गुप्त. वार: नागपंचमीनंतरचा सोमवार. ठिकाण: सांगली जिल्ह्यातील एका तहसील कचेरीबाहेरील माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल. साक्षीदार: शेजारचा झेरॉक्सवाला.

सदर बाई बोलताना पदराची गाठ सोडत व पुन्हा बांधत होत्या. सासऱ्यांनी पंचमीसाठी धरलेला नाग सोडलाच नव्हता. नऊ वर्षांच्या नातीला पाळावयास दिला होता. ती नाग ठेवलेले मडके उघडून त्याच्याशी खेळते. नाग पाळण्याच्या परवानगीचा अर्ज बाईंना हवा होता.

"कायदा अशी परवानगी देत नाही. अर्ज हमखास नामंजूर होईल," मी बजावले.

"व्हय, तेच पायजे," बाई हळूच म्हणाल्या. "मामंजी म्हणत्यात, आपल्या घरात नाग कुणाला चावला न्हाई. सुनंचं कोण ऐकतंय? पण शिक्क्याच्या कागदाला लय भित्यात."

"मग सरळ तक्रार करा."

"आवं, म्हाताऱ्याला धरून नेतील. मग मला घरात कोण ठिवंल?"

"लिवा की भाऊसाहेब," झेरॉक्सवाला हसला. "तुमचे निम्मे अर्ज तसंबी नामंजूरच हुत्यात."

सासरे अडकू नयेत म्हणून 'नाग धरला आहे' असे न लिहिता 'मुलीस नाग पाळण्याची इच्छा आहे' असे मी लिहिले.

उत्तर आलेले नाही. बाई रोज येऊन "आलं का?" एवढेच विचारत. काल त्या आल्या नाहीत.

तरी सदर अर्ज विनाविलंब नामंजूर करून शिक्क्यासह लेखी कळवावे, ही नम्र विनंती.