भुयारी रस्त्यातला झोपलेला माणूस

चंद्रहास परचुरे २००३ साली एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे टोकियोला आला आणि तिथल्या एदोगावा भागातल्या एका वसाहतीत राहू लागला. तिथल्या भारतीयांत धड जपानी बोलणारा तो एकटाच. कचऱ्याच्या तक्रारी, शाळेचे फॉर्म, सगळं त्याच्याच गळ्यात पडायचं.

तिसऱ्या वर्षी रहिवासी मंडळाने स्टेशनकडे जाणाऱ्या भुयारी रस्त्यातली भिंत रंगवायचं ठरवलं. मंडळाच्या ओकुमुरा-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’), सत्तरीच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका, त्याला म्हणाल्या की तीन मीटर जागा भारतीयांसाठी ठेवली आहे. त्याने सगळ्यांना मेल केली. कोणी ताजमहाल सुचवला, कोणी गणपती. गणपतीवर सायकलींचा चिखल उडेल म्हणून तो नको ठरला. महिनाभर मेलवर वाद चालले. बैठकीला दर रविवारी जायचा मात्र चंद्रहासच.

"एक दिवस मिळतो तुला," त्याची बायको सुचेता म्हणाली, "तोही त्यांनाच देऊन टाक."

रंगवायच्या दिवशी चार घरं येणार होती. एकही आलं नाही. चंद्रहासला साधं झाडही काढता येत नव्हतं. ब्रश घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसला.

ओकुमुरा-सानने जवळ येऊन, त्याच्या आडनावाचा नेहमीचा जपानी उच्चार करत विचारलं, "पारुचुरे-सान, तुम्हाला काय काढावंसं वाटतं?"

"काही नाही. झोपावंसं वाटतं."

त्या हसल्या नाहीत. "मग तसेच बसा," म्हणाल्या आणि त्याच्याभोवती खडूने रेघ ओढू लागल्या. मान कलती ठेवायला त्यांनी सांगितलं. त्याला खरोखरच डुलकी लागली. दुपारी सुचेता डबा घेऊन आली तेव्हा तो स्वतःच्याच आकृतीचा शर्ट रंगवत होता. तीही पदर खोचून बसली आणि तिने आकृतीच्या मांडीवर एक ऑफिसची बॅग रंगवली.

पुढच्या आठवड्यात मेल आल्या. हीच का भारताची ओळख, असं दोघांनी विचारलं.

जानेवारीत, ऑफिसला जाताना त्याला दिसलं की चित्रातल्या माणसाच्या अंगावर निळं पांघरूण आलंय. शेजारच्या शाळेतल्या मुलांनी, ओकुमुरा-सानला विचारून, ते रंगवलं होतं. तो थांबला. मागून येणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याने एकदा चित्राकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. चंद्रहासनेही केला. मग गाडी चुकेल म्हणून तो निघाला.

सुचेताला हे सांगायचं होतं, पण घरी पोचेपर्यंत बोलायचंही त्राण उरलं नाही. ते राहूनच गेलं.