खंडेनवमीला पूजलेली फ्लॉपी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीत एका आंबा निर्यातदाराकडे टायपिस्ट होते. ऑफिसातला नवा कॉम्प्युटर इंग्रजी स्पेलिंगं तपासायचा आणि आमच्या प्रत्येक गावाला अडायचा. देवरूख? चूक. पोफळी? चूक. बागायतदारांची आडनावं तर त्याला शिव्याच वाटत. दीड वर्ष एकेक नाव मी त्याच्या शब्दकोशात भरलं, तेव्हा कुठे स्वारी गप्प बसली.

मग त्याची डिस्क कुरकुरू लागली. दसऱ्यानंतर कोल्हापूरचा इंजिनियर ती बदलणार होता. "हवं ते फ्लॉपीवर काढून ठेवा," असा त्याचा निरोप आला. पत्रं कागदावर होतीच. मी शब्दकोश तेवढा उतरवून घेतला. एकच प्रत. त्या दिवशी अक्कल रजेवर होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हेडक्लार्क काकांनी पाटावर टाइपरायटर, शिक्के मांडले. मीही मोठ्या रुबाबात फ्लॉपी ठेवली.

"पाकिटातून काढ गो," काका म्हणाले. "झाकल्या हत्याराची पूजा करतात काय?"

काढली. काकांनी सढळ हाताने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि ते नेमकं पडलं फ्लॉपीच्या उघड्या खिडकीवर, मशीन जिथून वाचतं तिथे.

इंजिनियर आला. जुनी डिस्क तोवर पुरती बंद पडली होती; ती काढून त्याने नवी बसवली. फ्लॉपी घातली, तर मशीन नुसतं घरघरलं.

"गेला तुमचा शब्दकोश."

काका पांढरेफटक. दीड वर्षाची मेहनत हळदकुंकवात!

"ब्लेड आणा," मी म्हटलं. फ्लॉपीची कड कापली, आतली तपकिरी चकती अलगद काढली आणि थेट नळाखाली धरली.

"अहो बाई, फ्लॉपी आहे ती! बोंबील नव्हे!" इंजिनियर ओरडला.

"बोंबील वाळवले की वर्षभर टिकतात," मी म्हटलं.

चकती मऊ फडक्याने टिपली, पंख्याखाली सुकवली आणि एका कोऱ्या फ्लॉपीचं पोट फाडून त्यात सरकवली. इंजिनियरने तोवर मशीनच्या तोंडातलं कुंकू पुसलं. पुन्हा घातली. घरघर, घरघर... आणि उतरला की सगळा शब्दकोश! मी देवरूख टाइप केलं, पोफळी केलं, सगळ्यात आडमुठं आडनावही केलं. मशीन कुठे म्हणून अडलं नाही.

इंजिनियरने तीन फ्लॉप्या पुढे केल्या. मी तीन प्रती काढल्या. तिसरी त्याने उचलून स्वतःच्या बॅगेत टाकली.

"ही कोल्हापुरात राहू दे," तो काकांना म्हणाला. "या बाई उद्या मशीनसुद्धा धुऊन वाळत घालायच्या!"