आप्पांची साक्ष

काल राहू गावच्या एका पक्षकारानं ताज्या गुळाची ढेप आणून माझ्या टेबलावर ठेवली. फडकं सोडताच वास दरवळला, आणि दौंडच्या कोर्टात पस्तीस वर्षं काढलेला मी पुन्हा पुण्याच्या लॉ कॉलेजात जाऊन बसलो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा कायदा आला नाही तरी चालायचं, पण हजेरी भरली नाही की टर्म गेलीच. त्या सकाळी माझा सोबती नामदेव खोलीवर घोरत होता. त्याच्या नंबराला मीच आवाज बदलून म्हणालो, "प्रेझेंट सर!"

"ह्यो न्हाई नामदेव!"

दारात राहूचे आप्पा उभे. नामदेवाचे सख्खे चुलते. काखेत गुळाची ढेप घेऊन पहिल्या गाडीनं पुतण्याला भेटायला आले होते.

सर पुराव्याचा कायदा शिकवायचे. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "नीट बघून सांगा. हा नामदेव नसेल, तर त्याचं वर्ष वाया जाईल."

आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ह्योच हाय की, सायेब. खानावळीचं खाऊन वाळलाय, म्हून वळखू आला न्हाई."

सरांनी निमूटपणे हजेरी मांडली. आप्पांनी ढेप माझ्या हातात दिली. "घे रं नामदेवा. खात जा जरा."

तेव्हा वाटलं, आप्पा किती भोळे! आता वाटतं, त्या वर्गात कायदा कळलेला माणूस एकच होता.

खऱ्या नामदेवाला मी गुळाचा खडासुद्धा दिला नाही. साक्ष माझ्या बाजूनं झाली होती.