मामांची उलटी खुर्ची

एका माणसाचं सुख मी एका वाक्यात बंद पाडलं, आणि ते वाक्य बोलताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, रंगमंचाकडे पाठ करून संगीत नाटक बघणारा साऱ्या मराठवाड्यातला एकमेव रसिक.

मामा मूळचे पैठणचे. आमच्याच शहरात, क्रांती चौकामागे दोन खोल्यांत ते आणि मामी राहायचे. नाटक मुलांना दाखवण्याजोगं आहे का, हे ठरवायची त्यांची रीत वेगळीच होती. मांडवात पहिल्या रांगेत बसायचं, प्लॅस्टिकची खुर्ची उलटी फिरवायची आणि गाणं सुरू झालं की पोरांचे चेहरे बघायचे. पोरगं चिप्स खात राहिलं तर नाटक नापास. तोंडातला घास विसरलं तर पास. एकदा एका नटानं गाणं थांबवून विचारलं, "काका, आमच्याकडं पण बघा की." मामा वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुमचं चालू द्या. तुम्ही ठरवून रडता, पोरं न ठरवता रडतात. मला ते बघू द्या."

आमच्या कॉलनीच्या गणपतीत असंच एक संगीत नाटक ठरलं. त्यात राणी मरते आणि छोटी राजकन्या आरशापुढं बसून, आता माझी वेणी कोण घालणार, असं गाते. हे पोरांपुढं चालेल का, यावर समितीत वाद झाला. सचिव मी. मी मामांना तालमीला नेलं. तिथं जमलेली पोरं न्याहाळून ते म्हणाले, "दाखवा, जावईबापू. रडतील, पण आईच्या मांडीवर रडतील. लई बरं असतं ते."

प्रयोगात त्या गाण्याला पोरं खरंच रडली. शेजारच्या वहिनी ताडकन उठल्या. "सणासुदीला लेकरांना रडवता? पास कुणी केलं हे?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "मामांनी. त्यांना मूलबाळ नाही, त्यांना काय कळणार?"

मामा मागंच उभे होते, माझ्या रडणाऱ्या मुलीसाठी पाण्याचा पेला घेऊन. मामी त्यांच्या शेजारी. पेला माझ्या हातात देत ते म्हणाले, "व्हय, बरोबर हाय तुमचं."

त्यानंतरही ते दर वर्षी आले, पण चारचौघांसारखे रंगमंचाकडं तोंड करून बसले. समोरून पोरं पळाली तरी नजर हलवायचे नाहीत. माझी मुलगी मात्र आईपुढं वेणीला बसली की अजून तेच गाणं गुणगुणते, आणि दर वेळी मला तो पेला आठवतो.

यंदा मामा एकटेच आले. मामी हिवाळ्यात गेल्या, त्यांची माफी मागायची राहून गेली. मी मामांशेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "मामा, त्या दिवशीचं..."

"गाणं चालू हाय, जावईबापू. समोर बघा."

मी उठलो. माझी खुर्ची उलटी फिरवली, मागच्या साऱ्या रांगांकडं तोंड करून बसलो आणि त्या दिवशीइतक्याच मोठ्या आवाजात म्हणालो, "कळत नव्हतं ते मला, मामा. मी चुकलो. माफ करा."