मेजरांची बंदूक आणि माझा अर्ज

मेजरांनी जायच्या आधी खाटेवरून सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी बंदूक या पोरीला." पोरगी म्हणजे मी. समोर त्यांची बायको होती, पुतण्या होता आणि चहा घेऊन आलेली शेजारीण होती. शेजारीण असल्यामुळे संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या दोन गावांत होती.

मी बंदुकीच्या विरोधातली आहे. नुसत्या मताने नव्हे, कामाने. आमची संघटना जुन्नर-आंबेगावच्या गावांत पत्रकं वाटते: बिबट्या मारून प्रश्न सुटत नाही, शेतीला दिवसा वीज द्या. शेतकरी रात्री उसात पाणी द्यायला जातो, कारण वीज रात्री येते. वीज रात्री येते, कारण तसं कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलंय, आणि ते ऑफिस मात्र दिवसा उघडं असतं. हे वाक्य माझं आहे, पत्रकावर छापलंय, आणि मला ते अजून बरोबर वाटतं.

मेजरांची ओळख पत्रकामुळेच झाली. फौजेतून ते हवालदार म्हणून रिटायर झाले होते. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. मूलबाळ नव्हतं. परवान्याची एक दुनळी बंदूक होती. मी ओट्यावर पत्रक दिलं, त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "अजून हायेत का?" मला वाटलं, वाटायला हवीत. गठ्ठाच दिला. पुढच्या खेपेला गेले तर ते माझ्या पत्रकांनी दुनळीचं तेल पुसत होते.

"कागद चांगलाय," म्हणाले. "तेल धरतो."

मी भांडले. मग दर पंधरवड्याला भांडायला जायला लागले. आमची मैत्री ती एवढीच. वीज सोडली तर एकाही गोष्टीवर आमचं पटलं नाही.

ती दुनळी त्यांनी जनावरावर कधी चालवली नाही. ऊसतोडीच्या पहिल्या सकाळी बांधावर उभं राहून हवेत एक बार काढायचे. आत काही असेल तर त्यानं निघून जावं म्हणून. मी त्यालाही विरोध केला होता. तोडीच्या टोळीतल्या बायांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बार निघाल्यावरच कोयते उचलले.

पुतण्याचं दुखणं वेगळं होतं. मेजर गेले त्याच उन्हाळ्यात, ते खाटेवर असतानाच, त्याच्या बायकोला बिबट्यानं गोठ्याच्या दारात दंडाला धरलं. ती वाचली, पण हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मेजरांना नाना म्हणणाऱ्या या पुतण्यानं भर ग्रामसभेत सांगितलं, "नानांची बंदूक हातात येऊ द्या. त्याला उसातनं वढून हितं आणून टाकतो." गावानं टाळ्या वाजवल्या. याला जेल आहे, हे मी त्याला सांगितलं आणि पत्रक दिलं. पत्रक त्यानं खिशात घातलं.

म्हणजे बंदूक मी घेतली नाही तर ती त्याच्याकडे जाणार. त्याच्यावर एकही गुन्हा नाही, परवाना सरळ मिळणार. मग तो बिबट्या मारणार आणि आत जाणार, आणि एका हाताची बाई, दोन लेकरं आणि उभा ऊस मागे राहणार. टाळ्या वाजवणारे तेव्हा पाणी द्यायला येणार नव्हते.

म्हणून मी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला.

बंदूक तोवर नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली होती. मेजरांच्या बायकोनं, गाव त्यांना नानी म्हणतं, माझ्या नावानं संमती दिली. शस्त्र कशासाठी हवं, असा अर्जात प्रश्न होता. मी लिहिलं, "शासन दिवसा वीज देत नाही म्हणून." ठाण्यातल्या हवालदारांनी ते दोनदा वाचलं.

"ताई, हे कारण न्हाई. हे निवेदन हाये."

"कारणच आहे."

"बिबट्याची भीती वाटती, असं लिवा. समदे तेच लिवतात."

"मला बिबट्याची भीती वाटत नाही."

"मंग बंदूक कशाला?"

मी 'शेतीसंरक्षण' असं लिहिलं. मला शेती नाही.

मग त्यांनी गुन्हे विचारले. तीन, असं मी नेहमीच्या अभिमानानं सांगितलं: दोन रास्ता रोको, आणि वीज कचेरीला कुलूप ठोकलं ते एक.

"ते कुलूप तुमचं व्हतं व्हय?" हवालदार म्हणाले. "म्याच तोडलं. लई मजबूत व्हतं."

गावाला उद्योग मिळाला. "लग्न जमंना म्हणून बंदूक घेतली का, ताई?" "नवरदेव पळाला तर बार काढणार का?" पुतण्या या हसण्यात नसायचा. तो पारावर बसून म्हणायचा, "माझ्या हातात असती तर एव्हाना टाकला असता."

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. नानींनी त्या दुनळीची पूजा एकाही दसऱ्याला चुकवली नव्हती, म्हणून त्या हळदकुंकू घेऊन ठाण्यात गेल्या, आणि त्यांना सोडायला मी. साहेबांनी नको म्हटलं नाही. टेबलावर पोलिसांच्या रायफली मांडलेल्या, त्यांच्या शेजारी गळ्यात चिठ्ठी बांधलेली मेजरांची दुनळी. नानींनी कुंकू लावलं, झेंडू ठेवला, आणि आम्ही प्रसादाचं खोबरं घेऊन पायरीवर बसलो.

माझा अर्ज त्याच आठवड्यात नामंजूर झाला होता. "अन्याय आहे हा," मी म्हणाले. "आंदोलन म्हणजे काय दरोडा आहे? मेजरांची शेवटची इच्छा होती."

नानींनी खोबरं चावून संपवलं. "तुला मिळायची न्हाई, त्यांना ठावं व्हतं."

"म्हणजे?"

"म्हनून तर तुझं नाव घेतलं. पुतन्याला न्हाई म्हनावं, तर दोन येळची भाकर त्याच्याच घरची. तुझं नाव घेतलं की कागद फिरत ऱ्हातो. एका बंदुकीवर दोन अर्ज चालत न्हाईत, हे त्यांनी आदीच इचारून ठिवलं व्हतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू पत्रक काढलं असतंस."

मला राग आला. मेजरांनी भरवसा ठेवला होता तो माझ्या तीन गुन्ह्यांवर. पण नामंजूर म्हणजे कागद फिरायचा थांबला, आणि पुतण्याची वाट मोकळी झाली. उरलं होतं अपील.

अपील पुण्यात. सरकारी दिरंगाईवर मी आजवर जितकी पत्रकं काढली तितकी दुसऱ्या कशावर काढली नाहीत. खिडकीतल्या क्लार्कनं मान खाली ठेवूनच विचारलं, "लवकर घ्यावं असा विनंती अर्ज जोडताय ना?"

"नको. तुमच्या सवडीनं होऊ द्या."

त्यानं मान वर केली. "वकील कोण?"

"मीच."

"मग वेळ लागेल, मॅडम."

"चालेल."

पहिल्या तारखेला मी एसटीची वाट पाहत उभी होते, तर पुतण्या मोटरसायकल घेऊन पुढ्यात येऊन थांबला. "अपीलाला चाललाय म्हणं. बसा." मला वाटलं, वाटेत भांडेल. चाकणला त्यानं गाडी टपरीपाशी घेतली. तिथं चहाला थांबलो.

"मिळंल का तुमाला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"पण लांबंल?"

"लांबेल."

"लई?"

"लई."

त्यानं चहा बशीत ओतला आणि फुंकर न मारताच प्यायला. म्हणाला, "बायको इचारत व्हती." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावातला कोणीतरी होता. त्यानं आवाज चढवला. "आरं कुठला बिबट्या मारतोय राव. त्या बाईनं पार अडकवून ठिवलंय. तारखेला आलोय पुण्याला, बघतोच तिच्याकडं. न्हाईतर कवाच टाकला असता."

फोन खिशात घालून त्यानं काचेच्या बरणीकडं बोट केलं. "ताई, क्रीमरोल खाणार का?"

मी एक घेतला. तारीख चुकू नये म्हणून पुढचा सगळा रस्ता त्यानं गाडी जोरात हाणली.