आईचं पानी

आईचा आवाज गेला तो कायमचा, आणि त्याच आठवड्यात कळलं की मी वहीत उतरवलेलं गाणं तिचं नव्हतं. मी वाचत होते. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

आई धवलारीण. लग्नात धवले गायची. उलव्याकडच्या आमच्या गावात तिच्याशिवाय हळद लागत नसे. तिच्या घशात गाठ निघाली तेव्हा पनवेलच्या कॉलेजातली, बोलींचा अभ्यास करणारी एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आली. आईनं तिला ओट्यावरच अडवलं.

"आवाज डब्यान भरशील, मंग माझेपाशी काय र्‍हाईल?"

म्हणून बाईनं मला उच्चारांच्या खुणा शिकवल्या. मी चौथी पास. आठवड्यातून एकदा एसटीनं पनवेलला जायची. चाकाचा च वेगळा, चिमणीचा वेगळा. इंग्रजी एनच्या पायाला आकडा काढला की ण.

बाई म्हणायची, "ताई, ऐकू येईल तेच लिहा. शुद्ध-अशुद्ध विसरा."

आई वहीत डोकावायची. "काय गो, लिवतंस का मुंग्या मारतंस?"

बारा धवले लिहिले. आई पानी म्हणायची, आमी म्हणायची. शाळेत पानी म्हटलं म्हणून गुरुजींनी छडी मारली होती. तो हात पानीतल्या नला आकडे काढत गेला, आमीत ह घालत गेला. कान आईकडे, हात गुरुजींकडे.

पानी, आमी पुन्हा तिच्यासारखं करणं सोपं होतं. पण धवल्यातले जुने शब्द रोजच्या बोलण्यात कुठले? त्यांत ण तिचा होता की मी घातलेला, हे तिलाच ठाऊक. मग मी प्रत्येक शब्द दोन्ही तऱ्हेनं वाचायला लागले. बरोबर असला की ती मनगट दाबायची. चुकला की हात तसाच. कधी कंटाळून भिंतीकडे तोंड करायची. मीही चिडायची.

तीन धवले तपासून झाले आणि आई गेली.

उरलेल्या नऊंतले आकडे तसेच आहेत. बायका म्हणतात, "तू गा की." गाते. आवाज माझाच येतो. मला तिचा हवा असतो, घोगरा, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. त्याला खूण नव्हती, बाईलाही विचारलं होतं.

बाई पुढं परदेशी गेली. आमच्या घरातली, त्या खुणा वाचता येणारी, आता मी एकटीच आहे.